चाळीसांतले अकरा

मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत डॉ. सुनेत्रा खांबेटे बढतीच्या मुलाखतीला बसल्या. माणूस वास कसा लक्षात ठेवतो, या एकाच प्रश्नामागे त्या पंधरा वर्षं होत्या. बढती हुकली तर त्यांची प्रयोगशाळा बंद होणार होती.

समितीचे अध्यक्ष डॉ. निरगुडकर यांच्या नावावर चारशे शोधनिबंध होते, आणि हा आकडा ते चहा मागवतानाही सांगत.

"मॅडम, पंधरा वर्षांत फक्त सात निबंध," ते म्हणाले. "आणि जगभरातल्या संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार घेतला तो अवघा चाळीस वेळा. अशा कामाला काही किंमत नाही."

"त्या चाळीसांपैकी अकरा वेळा आधार आपणच घेतलाय, सर," असं म्हणत सुनेत्राबाईंनी यादी पुढे सरकवली. "माझं काम बिनकिमतीचं असेल, तर आपले ते अकरा निबंध कशावर उभे आहेत, एवढंच समितीनं नोंदवावं."

निरगुडकरांनी यादी दोनदा वाचली. शेजारच्या सदस्यांनी नोंदीसाठी कागद पुढे ओढला. तो निरगुडकरांनी स्वतःकडे घेतला आणि स्वतःच्या हातानं शेरा लिहिला : "काम पायाभूत आहे. बढती द्यावी."