वीतभर पाणी

एका राज्यात डोंगरावर कालवा होता, पायथ्याशी नदी होती आणि मधे उभा कडा. कड्यावर एक प्रचंड चाक, त्याला साखळीने टांगलेले तांब्याचे दोन हौद. एक खाली आला की दुसरा वर जाई आणि हौदात तरंगत नावा कडा चढत-उतरत.

पण हौदांच्या पूजेला बोलावले नाही म्हणून कालदंत मांत्रिक खवळला. त्याने शाप दिला, “हौद कसे चालतात, हे सारे राज्य विसरेल! तीनदा प्रयत्न करा. तिन्ही फसले, तर वरचा नावाडी पाषाण होईल. त्याआधी त्याने जमिनीवर पाय ठेवला, तरी तेच!”

वर अडकला होता भिवरा नावाडणीचा नवरा, म्हाळू.

नावेच्या ओझ्याने वरचा हौद खाली आदळेल, या भीतीने प्रधानाने खालच्या हौदात दगड भरले. हौद तसूभरही हलले नाहीत. मग सेनापतीने खालचा हौद पार रिकामा केला. वरचा जो सुटला, तो हत्तींनी साखळी ओढून कसाबसा सावरून पुन्हा वर नेला. म्हाळूची बोबडीच वळली.

दुपारी भिवराने पेज निववायला पाण्याने काठोकाठ भरलेल्या परातीत पेजेचे वाडगे तरंगत ठेवले. पाणी खालच्या ताटात सांडले. दारातला खंड्या पक्षी म्हणाला, “भिवराबाई, सांडलेलं पाणी तोला.”

तिने तोलले. पाणी आणि पेजेसकट वाडगे, दोन्ही पारडी सारखी!

भिवरा धावतच दरबारात गेली. “महाराज, नाव आपल्या वजनाइतकं पाणी हौदाबाहेर ढकलते. म्हणजे नाव असो-नसो, भरलेल्या हौदाचं वजन तेवढंच. दोन्ही हौद सारखे भरा. वरच्यात फक्त वीतभर पाणी जास्त.”

“वीतभरच? बाई, नवरा तुझा आहे.”

“माझा आहे म्हणूनच वीतभर, महाराज. हातभर नको.”

म्हाळूची नाव पुन्हा हौदात शिरली, तिच्या वजनाइतके पाणी कालव्यात परत गेले. वर वीतभर पाणी चढवले. चाक कुरकुरले, फिरले. एक हौद डुलत खाली, दुसरा डुलत वर.

नाव नदीला लागली आणि शाप तुटला. चाक बांधणारा म्हातारा कारागीर कपाळावर हात मारून ओरडला, “अहो, हे तर मीच बांधलंय!”

राजाने कालदंताला सन्मानाने पूजेला बोलावले. तो लाजत आला आणि हौदात बसून चार वेळा वर-खाली झाला.

म्हाळू काठावर उतरला. “भिवरे, घरी पेज आहे का गं?”

“आहे,” ती रडत-हसत म्हणाली, “तोलून ठेवलीय.”

त्यांची नाव सुखरूप लागली, तशी सगळ्यांची लागो.