नागरबाईच्या बारा भाकरी

एकदा एका गावात एक वृद्ध उपचारक राहत होते. हाड मोडल्यामुळे किंवा शीर दुखावल्यामुळे जे हात काम सोडून बसत, त्यांना पुन्हा कामापर्यंत नेऊन पोचवायचे, एवढेच त्यांनी आयुष्यभर केले. लोक त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्यापाशी एक तरुण शिष्या शिकत होती. मुलगी हुशार होती आणि कष्टाला मागे हटणारी नव्हती.

तिने एक अभ्यास हाती घेतला होता. मनगट मोडलेली माणसे बरी झाल्यावर आपल्या कामावर परततात का, आणि परतत नसतील तर का परतत नाहीत, हे तिला शोधायचे होते. त्यासाठी तिने एक वही केली होती. वहीत चाळीस माणसांच्या चाळीस ओळी. दोन्ही मुठींचा जोर किती, मनगट किती वाकते, हे सगळे यंत्राने मोजून लिहिलेले. शेवटी दोन रकाने होते. एकात ‘कामावर परत : होय किंवा नाही’ आणि दुसऱ्यात ‘कारण’.

या चाळीस जणांत नागरबाई नावाची एक स्त्री होती. वय पन्नाशीच्या पुढचे. गावातल्या एका व्यापाऱ्याचे कडक भाकरीचे केंद्र होते, तिथे ती भाकरी करी. ज्वारीची ही भाकरी पापडासारखी पातळ थापतात, चुलीपाशी वाळवतात, आणि मग ती दोन-तीन महिने टिकते. पुडकी बांधून लांबच्या गावांना जातात. केंद्रात एकेका चुलीवर दोघी बसत. एक पीठ मळून भाकरी थापी, दुसरी ती भाजी. थापणारीचा मान मोठा. तिथली रीतच होती की जिने गोळा मळला तिनेच तो थापायचा. दुसरीने मळलेल्या गोळ्याला हात लावणे म्हणजे आपल्याला मळता येत नाही अशी कबुली देणे. नागरबाई एकोणीस वर्षे चार नंबरच्या चुलीवर थापत होती. तिच्या घरात दुसरे मिळवते माणूस नव्हते.

न्हाणीत पाय घसरून तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर झाले, मग दोन महिने व्यायाम झाले. शिष्येने तिच्यासाठी फार मेहनत घेतली. शेवटच्या दिवशी यंत्र तिच्या हातात दिले तेव्हा डाव्या मुठीचा जोर वीस किलो भरला आणि उजवीचा एकोणीस. शिष्येला इतका आनंद झाला की नागरबाईचा हात धरून तिने तो दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवला. मग ‘काम करण्यास योग्य’ असा कागद लिहून दिला आणि वहीत ‘होय’ लिहिले.

पंधरा दिवसांनी तो व्यापारी त्या कागदाची नक्कल घेऊन आप्पांकडे आला.

“हे तुम्हीच लिहिलंय ना?” त्याने विचारले. “बाई बरी झाली म्हणून?”

“मी लिहिलंय,” शिष्या म्हणाली.

“मग तिच्या चुलीच्या भाकरी परत का येतायत? वातड झाल्या, बुरशी आली, असे निरोप येतायत मला. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नाही. हात बरा असंल तर बाई मुद्दाम करतीय, नाहीतर तिचं मन उडालंय. तुम्हीच सांगा काय ते. सोमवारी मी चार नंबरची चूल दुसरीला देणार.”

शिष्येने वही उघडून आकडे पुन्हा पाहिले. आकड्यांत काही चूक नव्हती. तिने ‘होय’ खोडले, ‘नाही’ लिहिले, आणि कारणाच्या रकान्यात पेन्सिलीने ‘अनिच्छा’ असा शब्द लिहिला.

आप्पांनी ते पाहिले. “त्यावर शाई फिरवू नकोस अजून,” ते म्हणाले. मग व्यापाऱ्याकडे वळून त्यांनी विचारले, “बाई कामावर आल्यापासूनच्या तिच्या भाकरी आहेत का हो तुमच्याकडे? रोजची एकेक?”

“असतील की. पुडक्यावर तारीख असती, चुलीचा नंबर असतो.”

“मग पाठवा. पहिल्या दिवसापासूनच्या.”

व्यापारी हसला. “भाकरीला प्लास्टर घालताय का आप्पा?”

“आधी बघू तर द्या, कुठं मोडलीय ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा दिवसांच्या बारा भाकरी आल्या. ज्या टेबलावर लोकांचे हात तपासत, ते टेबल आप्पांनी पुसून घेतले आणि त्यावर तारखेप्रमाणे बारा भाकरी ओळीने मांडल्या. मग पहिली उचलून दोन्ही हातांनी मोडली. कट् असा आवाज झाला. दुसरी, तिसरी, चौथी, तशीच. पाचवी मोडताना आवाज आला नाही. ती जराशी वाकली आणि मग तुटली. आठवी नुसतीच वाकली. बारावी तर त्यांनी घडी घालून ठेवली, धोतराची ठेवावी तशी.

शिष्येला राहवेना. “आप्पा, मी तुम्हाला हाताचे आकडे दाखवतेय आणि तुम्ही भाकरी मोडताय.”

“पहिल्या चार दिवसांत चुकलं नाही तिचं,” आप्पा जणू स्वतःशीच बोलले. “पाचव्या दिवसापासून पिठात पाणी वाढलंय. ज्वारीचा गोळा घट्ट मळला तर भाकरी कडक होते. सैल मळला तर हाताला हलका जातो, पण आत ओल राहते. एकोणीस वर्षं थापणारी बाई हे विसरेल का? बोलाव तिला.”

नागरबाई आली ती पदर हातात घट्ट धरूनच. टेबलावरच्या भाकरी पाहून ती दारातच थबकली. तिने त्या ओळखल्या होत्या.

“बस मावशी,” आप्पा म्हणाले. माणसांचे वजन करायचा काटा त्यांनी टेबलावर ठेवला. “यावर डावा तळवा ठेव. आणि गोळा मळतेस तशी दाब.”

तिने दाबले. काटा बावीसवर गेला.

“आता उजवा.”

तिने उजवा तळवा ठेवला. मनगट मागे वाकले, खांद्याचे वजन त्यावर आले, आणि काटा सातावर येऊन थरथरू लागला. नागरबाईने ओठ मिटून घेतले होते. कपाळावर घाम आला होता.

“दुखतंय?” आप्पांनी विचारले.

“न्हाई.”

“मावशी.”

“न्हाई दुखत आप्पा. बरं हाय.”

आप्पांनी काटा बाजूला घेतला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. काही विचारले नाही. मग नागरबाईच बोलली.

“दुखतंय असं म्हणू कसं? ताईनं कागदावर बरं लिवलंय. किती हौसेनं समद्यांना दावला हात माझा. मालकानं तो कागद भिंतीला लावलाय. आता दुखतंय म्हणलं तर ताई खोटी पडंल की.” ती जरा थांबली. “आनी चूल जाईल ते येगळंच.”

शिष्येचा चेहरा उतरला. तिने वही मिटली.

आप्पा तिच्याकडे पाहून म्हणाले, “बाळ, मूठ वळ. घट्ट. आता त्या मुठीनं मला एक भाकरी थापून दाखव.”

तिने वळलेल्या मुठीकडे पाहिले. मग मूठ हळूहळू उघडली.

“तुझं यंत्र चुकलं नाही,” आप्पा म्हणाले. “तू त्याला मुठीचं विचारलंस, त्यानं मुठीचं सांगितलं. पण मावशीचं काम मुठीचं नाही, उघड्या तळव्याचं आहे. थापणं हलकं, पण मळताना अंगाचं सगळं वजन तळव्यावर येतं. मोडलेल्या मनगटाला हा भार सगळ्यात शेवटी पेलतो. तिची मूठ बरी झाली, तळवा अजून व्हायचाय. ही चूक लहान आहे, पुढच्या वेळी तू काटा ठेवशील. मोठी चूक वेगळी आहे. आपण तिला ‘तू बरी झालीस’ असं लिहून दिलं, आणि दुखतंय म्हणायची तिची जागाच काढून घेतली. मग ते दुखणं कुठं जाणार? पिठात गेलं.”

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. नागरबाई म्हणाली, “आता तू रडू नको गं. मी सांगितलं असतं तर भाकरी तरी कडक झाल्या असत्या.”

“मग आता काय करायचं आप्पा?” शिष्येने विचारले.

“तळवा आणखी दोन महिने मागेल. ते व्यायाम तुला येतात. चुलीचं मात्र इथं बसून होणार नाही.”

शनिवारी शिष्या नागरबाईला घेऊन केंद्रात गेली. चार नंबरच्या चुलीपाशी नागरबाईची जोडीदारीण इमामबी भाजायला बसली होती. गेली अकरा वर्षे दोघी समोरासमोर बसत. शिष्येने सगळे सांगितले.

इमामबीने तव्यावरची भाकरी उलटली. “मला काय सांगता ताई? तव्यावर पडली की भाकरी बोलती. पाचव्याच दिवशी कळलं मला, हिनं पानी जास्त घातलंय. म्हणून जास्त येळ चुलीला टेकवत होते. पन ओल आतून असंल तर आग तरी किती करनार?”

“मग बोलला का नाहीत?”

“कुनाला बोलू? हिला? ही काय ऐकती? लग्नात सासूचं ऐकलं न्हाई, माझं ऐकंल व्हय.”

“सासूचं नाव घेऊ नको,” नागरबाई म्हणाली.

“घेते. ऐक आता. गोळा मी मळून देते, तू थाप.”

नागरबाईने मान हलवली. “न्हाई. दुसरीच्या गोळ्यावर मी थापनार न्हाई. लोक काय म्हनतील?”

“लोक भाकरी खातात. गोळा कुनी मळला ते इचारत न्हाईत.”

तेव्हा शिष्या नागरबाईशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही माझ्यासाठी बारा दिवस दुखणं झाकलंत. आता माझ्यासाठीच दोन महिने दुसरीचा गोळा घ्या. मी कागद बदलून आणलाय.”

तिने नवा कागद पुढे केला. त्यात लिहिले होते : थापू शकते. मळणे दोन महिने वर्ज्य. दर आठवड्याला तळवा तपासावा.

व्यापारी मागे उभा राहून ऐकत होता. तो भिंतीपाशी गेला, जुना कागद काढला आणि हातात धरून म्हणाला, “अर्ध्या कामाची बाई ठेवायची म्हनता?”

“पूर्ण कामाचीच आहे,” शिष्या म्हणाली. “फक्त ते काम दोघींत वाटलंय.”

“आठ दिवस बघतो,” तो म्हणाला. “भाकरी परत आली तर चूल दुसरीला.”

नागरबाईने इमामबीकडे पाहिले. इमामबीने पिठाची परात स्वतःपुढे ओढली आणि कढत पाणी ओतायला सुरुवात केली.

आठव्या दिवशी सकाळी आप्पांच्या टेबलावर एक पुडके आले. त्यावर चार नंबरच्या चुलीची खूण होती. आप्पांनी एक भाकरी काढून शिष्येच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. मग मोडली. कट् असा आवाज झाला. आप्पांनी कोपऱ्यातल्या डब्यातून शेंगदाण्याची चटणी काढली, आणि दोघे भाकरी खात बसले.

खाऊन झाल्यावर शिष्येने वही उघडली. नागरबाईच्या ओळीतले ‘अनिच्छा’ तिने रबराने पुसले. मग तिची नजर त्याच रकान्यातून खाली गेली. तो शब्द आणखी सात ठिकाणी होता, आणि तिथे तो शाईने लिहिलेला होता. मग एका कोऱ्या कागदावर तिने सातही जणांची नावे आणि पत्ते उतरवून घेतले.

“कुठं निघालीस?” आप्पांनी विचारले.

“यांच्या घरी.”

ती उठणार इतक्यात दारात एक शिंपी येऊन उभा राहिला. अंगठ्याचे प्लास्टर नुकतेच काढलेले. शिष्येने त्याला बसवले. सवयीने तिचा हात यंत्राकडे गेला, आणि मध्येच थांबला. तिने यंत्र तसेच राहू दिले. टेबलावरून एक फडके उचलून तिने त्याच्यापुढे ठेवले.

“काका, कात्री कशी धरता, आधी ते दाखवा मला,” ती म्हणाली. “आणि दुखलं तर दुखतंय म्हणायचं. मी खोटी पडत नाही.”