पुलाखाली उभा राहिलेला सुभेदार

फार वर्षं झाली. कोळवडीच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता. अलीकडे गाव, पलीकडे धनगरवाडा. एका पावसाळ्यात धनगरवाड्यातल्या तानूआक्का झोरेची सून बाळंतपणात अडली आणि पाणी उतरायची वाट बघत काठावरच गेली. गावातल्या थोरामोठ्यांनी अलीकडून हात जोडले. हात जोडायला त्यांना कधीच कष्ट पडले नाहीत.

त्याच साली सुभेदार मानाजी शेलार फौजेतून पेन्शनवर आला. तो पलटणीतला इंजिनिअर. बर्फाच्या नद्यांवर त्यानं पूल टाकले होते. असं म्हणतात, की तो काठावर उभा राहिला की पाणी आपणहून त्याला आपली खोली सांगायचं.

"आक्का, या ओढ्यापायी आता दुसरी सून जायची नाही," तो म्हणाला. तो शब्द मग त्याला झोपू देईना.

पूल मंजूर झाला. आखणी सुभेदाराची, माल आणायचं काम सरपंच दौलततात्या आणि पंचांनी आपल्याकडे घेतलं. ऐन पाया-खांब उभारायच्या वेळी सुभेदार महिनाभर हिवतापानं अंथरुणात पडला. त्यानं थोरांवर विसंबून राहायची चूक केली. फौजेत शेजारच्यावर विसंबावंच लागतं, तीच खोड.

उद्घाटनाला बँड आला, भरलेल्या गाड्या आल्या. सुभेदार म्हणाला, "आमच्यात रीत आहे. पहिला भार वरून जाताना बांधणारे खाली उभे राहतात. मी राहतो. माल आणणाऱ्यांनीही यावं."

तात्या हसला. "सुभेदार, ही काय लढाई हाय व्हय? नारळ फोडा आन् मोकळे व्हा."

"फोडतो. आधी तुम्ही खाली या."

कुणाचे गुडघे दुखू लागले. कुणाला घरी पाहुणे आल्याचं आठवलं. एकही खाली उतरला नाही. सुभेदाराला कळायचं ते कळलं. त्यानं पहार घेतली आणि खांबावर घातली. खांब ढेकळासारखा सुटला. सिमेंट तात्याच्या नव्या माडीत गेलं होतं, खांबात नुसती वाळू आणि राख.

गावानं वाळीत कुणाला टाकलं? सुभेदाराला. "चांगला पूल पाडला येड्यानं," म्हणाले.

मग नऊ वर्षं तो एकटा दगड घडवत राहिला. असं म्हणतात, की त्यानं छिन्नीनं नुसतं टिचकावलं की दगड कापसासारखा हलका व्हायचा आणि आपणच चालत जागेवर जाऊन बसायचा. तानूआक्का हे ऐकून थुंकायची. "हलका? आमच्या वाड्यातल्या बायकांच्या मानंला इचारा."

पूल उभा राहिला तेव्हा सुभेदार पार वाकला होता. तो खांबाला तळहात टेकून खाली उभा राहिला. दगडांनी भरलेल्या बारा गाड्या वरून गेल्या. त्याच्या हाताला खांब थरथरला नाही, एवढं त्याला पुरे होतं. बारावी गाडी पार झाली तेव्हा तो उभ्या उभ्याच गेला होता. असं म्हणतात, की चार गड्यांना त्याचा हात दगडावरून सोडवेना. आक्कानं नुसतं "मानाजी, झालं रं," म्हटलं आणि सुटला.

त्याच पावसाळ्यात ओढा दुथडी भरून वाहत असताना आक्काची नातसून पूल ओलांडून दवाखान्यात गेली आणि बाळ घेऊन परत आली.

आता दर वर्षी गाव पुलावर मांडव घालतं. ज्यांनी त्याला वाळीत टाकलं, त्यांचीच पोरं वर उभी राहून हार घालून घेतात आणि सुभेदार कसा देवमाणूस होता ते सांगतात. खाली त्या दिवशी फक्त धनगरवाड्यातल्या बाया उभ्या राहतात.

त्यांनी मात्र त्याची रीत धरून ठेवली आहे. गावात काहीही नवं बांधलं, की बांधणाऱ्याला त्या आधी छपराखाली बोलावतात, बायकापोरांसकट. परवा नव्या शाळेचा स्लॅब टाकून झाला. ठेका तात्याच्या मुलाचा. बायांनी निरोप धाडला. त्याला म्हणे तालुक्याला मीटिंग होती. बायांनी पुन्हा निरोप धाडला. पुन्हा मीटिंग निघाली.

शाळेला अजून कुलूप आहे. पोरं पुलाखाली बसून पाढे म्हणतात.