एकाच कढईचं राज्य

एका राज्यात तापाचा काढा एकाच कढईत उकळे. पूर्वी गावोगावी कढया होत्या. पण काळदंत मांत्रिकानं राजा रणधवलाच्या कानाशी लागून सांगितलं, "राजकढईपुढे दुसरी कढई चुलीवर चढणं हा आपला अपमान." झालं! साऱ्या कढया गोळा करून राजवाड्याच्या चौकात पालथ्या घातल्या. वर मांत्रिकानं शाप दिला : जो सुलटी करील, त्याचा हात दगड होईल. आणि राजानं मान डोलावली! अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

मग व्हायचं तेच झालं. ऐन साथीत राजकढई तडकली. काढा संपला. येसाक्का वैदिणीची लेक गोदू तीन दिवस तापानं फणफणत होती. येसाक्का तडक दरबारात गेली.

"सांधायला नागाच्या भुयारातलं तांबं आण," मांत्रिक म्हणाला.

तिनं आणलं.

"आता राक्षसाच्या भट्टीतला विस्तव."

पदर जळाला, पण तोही आणला. कढई सांधली, काढा उकळला.

"तिसरं काम," मांत्रिक म्हणाला. "थांब. दिवसाला वीस वाट्या निघतात. तुझ्यापुढे नऊशे घरं आहेत. दीड महिन्यानं ये."

"दीड महिना? माझी पोर उद्याचा दिवस बघेल की नाही ते सांगा!"

"बाई, आमचा नाइलाज आहे," राजा म्हणाला.

"नाइलाज?" येसाक्का कडाडली. "चांगल्या कढया पालथ्या घालता आणि वर नाइलाज सांगता? जळो तुमचा तो मान!"

ती चौकात गेली आणि तिनं एक कढई सुलटी केली. डावा हात कोपरापर्यंत दगड झाला. उजव्या हातानं तिनं चूल पेटवली.

कढयांच्या ढिगावर बसलेली एक साळुंकी राजाला म्हणाली, "शाप तुझ्या मानासाठी आहे. तूच कढईला हात लाव, म्हणजे तो सुटेल."

राजा खाली मान घालून पायऱ्या उतरला. त्यानं दुसरी कढई सुलटी केली. येसाक्काची बोटं हलली. शाप उलटला आणि काळदंत जागच्या जागी राख झाला. कढया गावोगावी परत गेल्या. काढा पोटात जाताच गोदूला घाम फुटला, ताप उतरला आणि तिनं भाकरी मागितली.

"येसाक्का, हवं ते माग," राजा म्हणाला.

"मला काही नको. ज्यांची लेकरं थांबता थांबता गेली, त्यांच्या दारी जाऊन माफी मागा."

राजा अनवाणी गेला. पहिल्या दारातल्या आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि दार लावून घेतलं.