पुठ्ठ्याची ढाल आणि सोनपापणी

एका बागेत पारिजातकाखालची वाट रोज सकाळी केशरी-पांढरी होऊन जाई. तिथेच माळ्याच्या जुन्या खोलीत कुंदा आणि तिची आई राहायच्या. घरात खायचे वांधे, त्यात आईची नजर अधू. कुंदा पाळण्यात होती तेव्हापासून आईला सगळं धुक्यातल्यासारखं दिसे. तरी बोटांनी चाचपत चाचपत ती मुलांच्या नाटकांसाठी रोमन शिपायांची चिलखतं बनवायची. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांवर चमचम सोनेरी कागद आणि शिरस्त्राणावर लाल रंगवलेल्या काथ्याचा ऐटदार तुरा! उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने कुंदालाही एक इवलंसं चिलखत आणि ढाल करून दिली होती.

कुंदाला प्रश्न फार. "आई, रोमचे शिपाई परकर का गं घालायचे? तुऱ्यात उवा व्हायच्या का?"

"विचार त्यांनाच!" आई हसायची.

एके दिवशी उन्हात ठेवलेल्या शिरस्त्राणाचा तुरा आपोआप हलला. कुंदा वाकून बघू लागली. "कोण आहे आत?"

काथ्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. पंख निळे-जांभळे, पापण्या सोन्याच्या.

"मी सोनपापणी. मला बघून सगळे किंचाळतात. तू मात्र 'कोण आहे' म्हणून विचारलंस! सूर्य मावळताना एक इच्छा माग. पण ती तुझ्या हातातल्या या ढालीखाली मावली पाहिजे. आणि तोवर ढालीवर एक ओरखडाही उठता कामा नये हं!"

कुंदा विचारात पडली. आंब्याचं झाड? छे, मावणार नाही. जिलब्यांचं ताट? मावेल की! मग तिने हळूच विचारलं, "नजर केवढी असते गं? माझ्या आईला हवीय."

"इवल्याशा डोळ्यात मावते, वेडाबाई! ढालीखाली नाही का मावणार?"

कुंदाने दिवसभर ढाल तळहातावरच्या फोडासारखी जपली. ऊन कलायला लागलं, तोच बुलबुलाचं पिल्लू घरट्यातून खाली पडलं आणि कावळे त्याच्यावर तुटून पडले. ढाल पुढे केली तर आईची नजर गेली! पण पिल्लू चोच वासून चिंचिं करत होतं. कुंदा धावली. पिल्लाला पोटाशी धरून ढालीखाली मुटकुळं करून बसली. टक! टक! वरून चोची बसत राहिल्या. कावळे कंटाळून उडाले तेव्हा सोनेरी कागदाच्या चिंध्या झाल्या होत्या.

पिल्लाला घरट्यात ठेवून कुंदा हमसून हमसून रडली. "मी नियम मोडला गं!"

"मोडलास खरा," सोनपापणी म्हणाली. "पण तो नियम खेळातल्या ढालीचा होता. जिच्याआड जीव वाचतो ती खरी ढाल. आणि बिनओरखड्याची खरी ढाल कुणी पाहिलीय का? माग बघू आता, सूर्य बुडतोय."

कुंदाने डोळे मिटून मागितलं. सोनपापणीने पापण्या मिटल्या, उघडल्या. गुलाबी, निळा, सोनेरी असा लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

"अगंबाई, काय चमकलं ते?" डोळ्यांवर हात धरून आई बाहेर आली आणि थेट कुंदासमोर येऊन बसली. कुंदा रडता रडता हसली. आई बघतच राहिली.

"कुंदे, तुला खळी पडते? आणि मला कुणी सांगितलं नाही!"