उभ्याचा खडक

अंबाडे आणि पिंपरणे या दोन गावांच्या मधून नदी वाहते. तिच्या पात्रात एक सपाट काळा खडक आहे. त्यावर कोणी बसत नाही. पाहुणा टेकू लागला की आमचे सोपानतात्या खेकसतात, "उठा! बसणाऱ्यांनी इथं माणसं मारलीत." मग ते सांगू लागतात.

हे दोन काठ पूर्वी दोन संस्थानांचे होते. एका उन्हाळ्यात अंबाड्यात पटकी आली. सकाळी आजारी पडलेला माणूस दिवेलागणीपर्यंत जाई. नदीचं पाणी बाधतंय, हे दोन्ही दरबारांना कळलं होतं म्हणे. पण बोभाटा झाला तर व्यापार बुडेल, म्हणून साथीचं काय करायचं याची बोलणी संपेपर्यंत अवाक्षर काढू नये असा हुकूम सुटला.

बोलणी या खडकावर चालत. दोन्ही दरबारांनी पाठवलेले दोन वकील, त्यांना बसायला दोन गाद्या. कोणाची गादी उंच? करारात कोणाचं नाव आधी? यातच पंधरा दिवस गेले. पंधरा दिवस!

अंबाड्याच्या वकिलाला ठकू नावाडीण आणत असे. तिची नाव खडकापुढे जाऊ देत नसत. तिची लेक रखमा पिंपरण्यात दिलेली, पोटुशी.

"सरकार, एवढा निरोप जाऊ द्या. पाणी पिऊ नको म्हणावं."

"करार झाला की जाईल, बाई. घाई कसली?"

सोळाव्या दिवशी पलीकडच्या नावाड्याने खाली मान घालून सांगितलं, रखमा गेली.

ठकू रडली नाही, असं सांगतात. तिने नदीत तांब्या बुडवला आणि दोन्ही वकिलांपुढे ठेवला.

"बोलून घसा सुकला असेल. घ्या."

दोघांनीही हात मागे घेतला.

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला," ती म्हणाली. तिने दोन्ही गाद्या ओढून प्रवाहात फेकल्या. "आता उभ्यानं बोला."

ऊन उतरायच्या आत करार झाला. ज्या काठावर रोग येईल, त्याने दुसऱ्या काठाला आधी सांगायचं. सांगणाऱ्याला दोष द्यायचा नाही. एवढंच. यासाठी पंधरा दिवस माणसं मरत होती.

आजही दर चैत्रात दोन्ही गावांचे सरपंच इथे उन्हात उभे राहतात. हार नाही, भाषण नाही. आधी रखमाचं नाव घेतात, मग आपापल्या गावातला आजार मोठ्याने सांगतात.

परवा एका पाहुण्याने विचारलं, "आणि त्या वकिलांची नावं काय होती?"

तात्या म्हणाले, "ती लक्षात ठेवलीच नाहीत कुणी."