घटातला गहू

“उद्या दसऱ्याचं प्रवचन मी करायचं की नाही? बुवा, मला आज उत्तर हवंय.”

प्रोफेसर धारप दारात उभे होते. खांद्यावर पिशवी, बाहेर जीप. कृषी महाविद्यालयातली नोकरी सोडून ते मठात राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. बुवा नाही म्हणाले, तर आज कायमचं निघायचं, असं ठरवूनच ते आले होते.

मठाचे प्रमुख अच्युतबुवा गाभाऱ्यासमोर बसले होते.

“मठातल्या सगळ्या पोथ्या मला पाठ आहेत. आणखी किती घेऊ?”

बुवांनी गाभाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथल्या अंधारात नवरात्राचा घट होता. त्यातला गहू उंच वाढलेला, पिवळा. यंदा बुवांनी अंगणातही एक घट मांडला होता. त्यातला गहू बुटका, हिरवागार.

“माती एकच. पाणी एकच. तुझं ते नत्राचं खतही दोन्हींना सारखंच. आता कोणाच्या पोटात ते नत्र जास्त आहे?”

“हे काय मध्येच…”

“विहिरीच्या पाण्यातलं नत्र तपासायच्या पट्ट्या आहेत ना तुझ्याकडे? बघ.”

“घट उठायच्या आत अंकुर तोडू?”

“तोड.”

धारपांनी दोन्ही घटांतले अंकुर चिरडून रस पट्ट्यांवर टेकवला. हिरव्याची पट्टी जेमतेम गुलाबी झाली. पिवळ्याची गडद जांभळी.

“पिवळ्यात जास्त. पुष्कळच.”

“म्हणजे तो धष्टपुष्ट?”

“छे! तो उपाशी आहे.” धारपांचा आवाज वर्गातला झाला. “मुळांनी खतातलं नायट्रेट ओढलं, पानांपर्यंत पोचवलं. पण त्याचं प्रथिन व्हायला उजेड लागतो. अंधारात ते नुसतं साठून राहतं. हिरव्यानं याच्याहून जास्त ओढलंय, पण ते अंगी लावून घेतलंय. म्हणून पट्टीला सापडत नाही.”

“मग पट्टी दाखवते ते काय?”

“न पचलेलं.”

“छान सांगतोस रे.”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“बुवा, प्रवचनाचं काय?”

बुवा उठले. धारपांच्या हातातल्या डबीतून त्यांनी एक कोरी पट्टी काढली. दाराच्या उजेडात धरून ती बराच वेळ पाहिली…

“जीभ बाहेर काढ.”